पंचवीस तारखेचा पिच्चर

माझी बहीण कुंता वर्षातून एकच दिवस रिकामी बसते, पंचवीस डिसेंबरला. दिवाळीत फराळ असतो. चौदा एप्रिलला विहारातल्या जेवणाचे मोठे गंज तिच्याच हाताखाली चुलीवर चढतात आणि तिच्याच हाताखाली उतरतात. बाकीचे दिवस शाळेची खिचडी. नाताळची मात्र गंमत आहे. शाळेला सुट्टी, आणि सण आपला नाही, म्हणून कोणी करंज्या मागत नाही की पुरण मागत नाही. त्या दुपारी ती भाकरतुकडा खाऊन टीव्हीपुढे पाय लांब करून बसते, शेजारी उकडलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली ओढून घेते आणि इंग्रजी पिच्चर पाहते. इंग्रजी म्हणजे गोरी माणसं हिंदीत बोलतात तो.

मी तिचा मोठा भाऊ, घनश्याम. वरठीच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं फिटर होतो, आता घरी आहे. लोक म्हणतात मी तापट आहे. मशीनपाशी तीस वर्षं उभं राहिलं की आवाज मोठाच होतो, त्याला मी काय करू? विहाराच्या कमिटीचा अध्यक्षही मीच आहे, त्यामुळे बोलायचं काम पडतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझीच फजिती आहे आणि ती मीच सांगणार आहे.

तर तो पिच्चर. कुंता म्हणते दरवर्षी नवा असतो. मला तर बापा एकच वाटतो. एक पोरगी मोठ्या शहरात काचेच्या इमारतीत नोकरी करते. कानाला फोन, हातात कॉफी. तिचा साहेब सांगतो, अमक्या गावी जा आणि तिथली जुनी बेकरी बंद करून ये, आपल्याला तिथं हॉटेल बांधायचं आहे. ही उंच टाचांचे जोडे घालून बर्फात जाते. तिथूनच माझं डोकं फिरतं. गाडी फसते. मग एक माणूस येतो, चौकडीचा शर्ट, धंदा सुतारकामाचा, पण साऱ्या पिच्चरभर त्याच्या नखात भुसा दिसेल तर शपथ. त्याची बायको वारलेली, सात-आठ वर्षांची एक मुलगी. मुलगी अशी शहाणी की आपल्या मोहल्ल्यातले पोट्टे आठवून लाज वाटावी. मग दोघं मिळून केक करतात, एकमेकांच्या नाकाला पीठ लावतात, आणि ते सांडलेलं पीठ झाडताना कोणी दिसत नाही. गावात कोणाला कामधंदा नाही. पोलीस, पोस्टमन, दुकानदार, सारे मिळून एका झाडाला दिवे लावत असतात. त्या दिव्यांची वायर कुठून आली ते काही दाखवत नाहीत. शेवटच्या पंधरा मिनिटांत काहीतरी गैरसमज होतो, ती रुसून निघते, अर्ध्या रस्त्यातून परत येते, बर्फ पडतो, बेकरी वाचते, दोघांचं जमतं. सारं सात दिवसांत. आमच्याकडे सात दिवसांत मंडपवाला फोन उचलत नाही.

हे सारं मी दरवर्षी ओसरीतून ओरडून सांगायचो आणि कुंता आतून म्हणायची, हाव भाऊ. पण पिच्चर बंद करायची नाही.

तिचं आयुष्य थोडक्यात सांगतो. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली तिचा नवरा मंगरू गेला. तुमसरला ट्रकवर धानाची पोती चढवायचा. सकाळी डबा घेऊन निघाला आणि दुपारी निरोप आला. कुंता तेव्हा तीस वर्षांची, तिची मुलगी खुशबू तीनची. मी तुमसरला गेलो आणि दोघींना घेऊन आलो. माझ्या घराला लागून एक खोली काढून दिली. तिनं मात्र बसून खाल्लं नाही. दोन कोसावरच्या शाळेत खिचडी रांधायचं काम धरलं, सायकल शिकली, पडली, गुडघे फोडून घेतले, पुन्हा शिकली. वीस वर्षं ती रोज सकाळी हँडलला भाजीच्या थैल्या अडकवून जाते आणि दुपारी येते. खुशबूला तिनं नर्स केली. अडीच-तीन वर्षांपूर्वी खुशबूचं लग्न झालं, ती नागपूरला असते. आईला टीव्ही तिनंच घेऊन दिला.

या वीस वर्षांत आमच्या वस्तीत माझं नाव झालं. घनश्यामभाऊंनी बहिणीला सांभाळलं, असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

आता श्रावणचं सांगतो. आमच्या वरठीच्या भंडारा रोड स्टेशनाबाहेर सायकल स्टँड आहे, तो श्रावण चालवतो. रेल्वेनं येणारे कामगार तिथून सायकली काढतात आणि फॅक्टरीत जातात. शेजारी पंक्चरचं खोपटंही त्याचंच. माणूस पंचावन्नचा, आमच्यातलाच, पण इथला नाही. त्याचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. नव्या वसाहतीत घर मिळालं, पण शेत गेलं आणि बायको आधीच गेली होती. मुलगा बुटीबोरीला कंपनीत लागला. मग हा एकटाच वरठीला आला आणि सायकली मोजू लागला.

तीनेक वर्षांपूर्वी कुंताची सायकल त्याच्या खोपट्यापुढे पंक्चर झाली. हँडलला चाळीस पोरांची भाजी, शाळेची घंटा व्हायला आलेली. श्रावणनं आपली सायकल काढून दिली, थैल्या तिच्या हँडलला लावून दिल्या आणि म्हणाला, जा बाई, पोट्टे उपाशी राहतीन. मधल्या सुट्टीच्या आत तिची सायकल दुरुस्त करून शाळेत नेऊन उभी केली. तेव्हापासून कुंताची सायकल जरा जास्तच बिघडू लागली. हे मला कोणी सांगितलं नाही. फिटर असून माझ्या ध्यानात आलं नाही, ही माझी कमाल.

एकदा कुंता तिथं बसून पिच्चरची गोष्ट सांगत होती. श्रावण ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. त्यानं एवढंच विचारलं, शेवटी ते गाव वाचते का? कुंता म्हणाली, वाचते. तो म्हणाला, कसं? तिनं सांगितलं, सारे मिळून केक विकतात, मग मोठा साहेब येतो, त्याचं मन पालटतं. श्रावण ट्यूब घासू लागला. मग म्हणाला, "आमाले कोणी सांगतलंच नाही वो बाई, केक करा म्हणून. आमी नुसते मोर्चेच काढत राहिलो." कुंतानं हे मला घरी येऊन सांगितलं आणि हसता हसता तिच्या डोळ्यात पाणी आलं. तेव्हा तरी मला कळायला पाहिजे होतं.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरातली गोष्ट. एका रविवारी सकाळी कुंता अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊ, आज श्रावणजी येऊन राहिले. मी त्यायच्या संगं लग्न करून राहिली."

मी दाढी करत होतो. गालाला ब्लेड लागलं. रक्त पुसता पुसता मी एवढंच म्हटलं की येऊ दे, पाहू.

दुपारी श्रावण आला. धुतलेला पांढरा शर्ट, हातात संत्र्यांची थैली. पंक्चरवाल्याची बोटं कितीही धुतली तरी काळीच राहतात, तशी काळी होती, आणि तो ती मांडीखाली लपवत होता. माझी बायको सत्यभामा हिनं चहा दिला. त्यानं सरळ सांगितलं की आमचं दोघांचं बोलणं झालं आहे, माझ्या मुलाला सांगितलं आहे, खुशबूही हो म्हणते, तुम्ही मोठे आहात म्हणून भेटायला आलो.

मला राग आला. कोणाचा आला ते तेव्हा सांगता आलं नसतं. खुशबूला माहीत, बुटीबोरीच्या पोराला माहीत, मग माझ्या बायकोलाही माहीत असणार, आणि मी कमिटीचा अध्यक्ष, मलाच शेवटी. पन्नाशीची बाई, मुलीचं लग्न झालेली, आता हिला हळद... हळद आमच्यात नसते, पण मनात आलं तसं सांगतो. लोक काय म्हणतील? घनश्यामनं बहिणीला सांभाळलं नाही, म्हणून तिला या वयात घर शोधावं लागलं, असंच म्हणतील ना?

मी घसा साफ केला आणि म्हटलं, "पंचवीस तारखेचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या. मी त्याच्यात गुंतून हावो. मग पाहू."

श्रावणनं विचारलं, "कायचा कार्यक्रम, भाऊ?"

"स्त्रीमुक्ती दिनाचा."

श्रावण हसला नाही. भला माणूस आहे. त्यानं मान हलवली, संत्री ठेवली आणि गेला. आत सत्यभामाच्या हातून कपबशी ठेवल्याचा आवाज जरा मोठा आला.

पंचवीस डिसेंबरला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली. आमच्याकडे तो दिवस बायांच्या मुक्तीचा म्हणून पाळतात. संध्याकाळी विहारात सभा होते आणि अकरा वर्षांपासून मुख्य भाषण माझं असतं. बायांनी शिकावं, कमवावं, आपला निर्णय आपण घ्यावा, हे मी खणखणीत सांगतो. आणि त्याच भाषणाच्या तयारीचं कारण काढून मी माझ्या बहिणीचं लग्न टांगून ठेवलं होतं. हे असं कागदावर लिहिलं की किती सरळ दिसतं. त्या आठवड्यात मला ते दिसत नव्हतं.

तो आठवडा घरात वाईट गेला. कुंता भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. ती रोजच्यासारखी सकाळी सायकल काढायची, दुपारी यायची, मला चहा आणून द्यायची. फक्त बोलायची नाही. सत्यभामा मात्र बोलत होती, आणि सारं मलाच उद्देशून भिंतीशी बोलत होती. नागपूरहून खुशबूचा फोन आला. म्हणाली, मामा, तुम्ही मला शिकू दिलं, नर्स होऊ दिलं, मग आईच्या वेळी काय झालं? मी म्हटलं रेंज नाही आणि फोन ठेवला. रेंज होती.

मग मी एक शत्रू शोधून काढला, तो पिच्चर. मला पक्कं वाटू लागलं की दरवर्षी ते बर्फ आणि ते चौकडीचे शर्ट पाहून कुंताच्या डोक्यात हे भरलं. बायको वारलेला, एकटा, हातानं काम करणारा माणूस. गाव जाणार आहे. गाडी बिघडते आणि तो दुरुस्त करून देतो. सारं जसंच्या तसं. मी ठरवलं, यंदा शेजारी बसून पाहतो आणि याच्यातली एकेक चूक तिच्यापुढे ठेवतो, म्हणजे तिचं मन ठिकाणावर येईल.

पंचवीस तारखेला दुपारी मी तिच्या खोलीत गेलो. तिनं काही विचारलं नाही, टोपली माझ्याकडे सरकवली. तुरीच्या शेंगा गरम होत्या. पिच्चर सुरू झाला, तोच.

मी सुरुवात केली. या सुताराच्या घरात रंधा कुठं आहे? कुंता म्हणाली, हाव, नाही हाये. ही पोरगी एवढी मोठी नोकरी एका फोनवर सोडते, पुढच्या महिन्यात खाणार काय? हाव, खरी गोष्ट हाये. त्या मुलीची आई वारून दोन वर्षं झाली, आणि ही नवी बाई दोन दिवसांत तिच्या वेण्या घालते, पोरगी एकदाही रडत नाही? कुंता म्हणाली, हे मात्र लयच खोटं हाये, खुशबू चार वर्षं मंगरूचा शर्ट घेऊन झोपायची. तरी मी म्हटलं, आणि दरवर्षी तेच ते.

कुंतानं शेंग सोलली आणि म्हणाली, "तुमचं भाषण तरी कोणतं नवं असते, भाऊ? अकरा वर्षं तेच हाये. तरी मी पुढे बसते. शेवटी काय म्हणणार ते माहीत असते, अन् तुमी म्हटलं की पहिली टाळी मीच वाजवते. बरं वाटते आयकून."

मी जरा नरम पडलो. म्हटलं, "मंग सारं खोटं हाये हे माहीत असून काहून पाहते वो तू?"

तिनं टीव्हीचा आवाज कमी केला. "मंगरूचा निरोप दुपारीच आला होता ना. तेव्हापासून मले दुपारची भीती वाटते. फोन वाजला की दोनदा वाजू देते, मंग उचलते. हा पिच्चर लागला की दोन घंटे कोणाचा निरोप येणार नाही, हे मले पक्कं माहीत असते. शेवटी सारं बरंच होणार हाये. एवढं कोण देते मले?"

वीस वर्षं ती माझ्या भिंतीपलीकडे राहत होती आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी शेंगा सोलत बसलो. पडद्यावर सारं गाव बेकरीत जमलं होतं. कुंतानं बोट दाखवलं.

"चुका तुमी सांगतल्या त्या लहान हायेत. मोठी चूक ते पहा. ते चष्मेवाली, पन्नाशीची. दरवर्षी असते ते. साऱ्या पिच्चरभर केक वाढते. नवी पोरगी आली की तिले शहाणपण सांगते, अन् पुन्हा केक वाढते. तिले कोणी इचारत नाही, बाई, तुह्यं काय? मी दरवर्षी तिलेच पाहत राहते, आता तरी कोणी इचारते का म्हणून. नाही इचारत."

मी पाहिलं. खरंच ती बाई हातात ताट घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर जात होती आणि सर्वांकडे पाहून हसत होती. पुढे नायिका रुसून गेली, परत आली, बर्फ पडला, मला काही दिसलं नाही. मी त्या चष्मेवालीला शोधत होतो. शेवटी सारे टाळ्या वाजवत होते तेव्हा ती मागे उभी होती, ताट हातातच होतं. मी कुंताला म्हटलं की शेंगांना मीठ कमी पडलं आहे, आणि उठून आलो.

संध्याकाळी सहाला विहारात गेलो. धुकं उतरायला लागलं होतं. बाया पांढऱ्या साड्या नेसून सतरंजीवर बसल्या होत्या, माणसं मागे. त्रिशरण, पंचशील झालं. कुंता तिच्या जागी होती, पुढे, डावीकडे. मी माईक धरला. भाषण पाठच आहे, तोंडातून आपोआप येतं. शिक्षणाचं झालं, कमाईचं झालं, आणि मी त्या ठिकाणाला आलो जिथं दरवर्षी आवाज चढवतो. म्हणालो, स्त्री कोणाची मालमत्ता नाही. तिच्या आयुष्याचा निर्णय तीच घेईल. बाप नाही, नवरा नाही, भाऊ नाही.

आणि थांबलो. दरवर्षी तिथं थांबतो, टाळीसाठी.

टाळी आली नाही. बाकीच्या बायांना पहिल्या टाळीची सवय होती, त्या कुंताकडे पाहू लागल्या. कुंतानं हात मांडीवर ठेवले होते. ती माझ्याकडे पाहत होती, रागानं नाही. दुपारी टीव्हीकडे पाहत होती तशीच, आता तरी कोणी विचारतं का म्हणून.

माझ्या अंगाला घाम फुटला. डिसेंबरात. माझंच भाषण मला त्या पिच्चरसारखं वाटलं. शेवट गोड, दरवर्षी तोच, लोक खूश होऊन घरी जातात आणि भांडी कोण घासतं ते कोणी दाखवत नाही. हातातला कागद मी घडी करून खिशात ठेवला. पुढचं जे बोललो ते पाठ केलेलं नव्हतं, म्हणून भाषणाची भाषाही राहिली नाही.

"मी खोटं बोलून राहिलो," मी म्हटलं. "माह्या बहिणीनं लग्न करायचं ठरवलं हाये. मी आठ-दहा दिवसांपासून तिले अडवून ठेवलं हाये, अन् कारण काय सांगतलं, तर हे भाषण. लोक काय म्हणतीन म्हणून नाही. ते बी हाये, पण खरं ते नाही. ती गेली तर घनश्यामनं बहिणीले सांभाळलं, असं कोणी म्हणणार नाही आता, त्याचं मले वाईट वाटते. कुंता, मी तुले परवानगी देतो."

माईक तेवढा घरघरत होता. कुंता उठून उभी राहिली. एवढ्या लोकांपुढे ती कधी बोलली नव्हती. पदर नीट केला आणि म्हणाली, "भाऊ, मी तुमाले इचारलं नव्हतं. सांगतलं होतं."

पहिली टाळी वाजली, ती सत्यभामाची. एवढ्या जोरात तिनं माझ्या कुठल्या भाषणाला टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही. मग साऱ्याच बाया सुरू झाल्या. मी माईक धरून उभा, लाजेनं मेलो होतो आणि बरंही वाटत होतं, दोन्ही एकदम. बहिणीनं मला चारचौघांत जागा दाखवली आणि ती जागा बरोबर होती. मागे दाराजवळ, चपलांच्या बाजूला, श्रावण तोच पांढरा शर्ट घालून बसला होता. लोकांनी त्याला उठवून उभं केलं. त्यानं हात जोडून जय भीम म्हटलं आणि लगेच खाली बसला. एवढंच झालं. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही, वरून काही पडलं नाही. बाहेर धुकं तेवढं दाट झालं होतं.

मुहूर्त आमच्यात पाहत नाहीत, त्याचा हा फायदा. जानेवारीच्या पहिल्या रविवारी त्याच विहारात लग्न झालं. खुशबू आणि जावई आले, श्रावणचा मुलगा आला. बौद्धाचार्यांनी बुद्धापुढे आणि बाबासाहेबांपुढे दोघांना उभं केलं, प्रतिज्ञा झाल्या, हार झाले. कुंतानं पांढरी साडी नेसली होती, खुशबूनं नागपूरहून आणलेली. श्रावणची बोटं काळीच होती, पण त्या दिवशी त्यानं ती लपवली नाहीत.

कुंता आता स्टेशनाजवळ श्रावणच्या घरी राहते. शाळेत जाते, सायकलनंच. सायकल आता बिघडत नाही. माझ्या बाजूची खोली रिकामी आहे. सकाळी भिंतीपलीकडून आवाज येत नाही, तेव्हा मला करमत नाही, हेही सांगून टाकतो. पण दर रविवारी दोघं येतात, आणि श्रावणशी भांडायला मला मजा येते. मोर्चांबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

लग्नाच्या जेवणाच्या पंगतीचं सांगायचं राहिलं. भात, आलू-वांग्याची भाजी, वरण, बुंदी. पंगत बसली तशी कुंता सवयीनं उठली, गळ्यात हार तसाच, आणि सरळ गंजाकडे निघाली. विहारात वीस वर्षं वाढायचं काम तिचंच. तिनं बुंदीच्या बादलीतला पळा उचललाही. मी मध्ये गेलो आणि तिच्या हातातून तो काढून घेतला. मला वाढायची सवय नाही. पहिल्याच पानात अर्धी बुंदी सांडली, सत्यभामानं कपाळाला हात लावला.

कुंता श्रावणच्या शेजारी पानावर बसली. मी तिच्यापुढे बादली ठेवली, वाकलो आणि तिच्या पानात बुंदी वाढली.

"अजून वाढू?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पान पुढे सरकवलं. म्हणाली, "वाढा."